मोडीचा दाणा

तांब्यापितळेचे भांडे गळू लागले किंवा चेपले, तर आपल्याकडची जुनी गृहिणी ते उकिरड्यावर फेकीत नसे. मोडीत घालीत असे. दुकानदार ते तराजूत टाकी, घट वजा करी आणि उरलेल्या किमतीत नवे भांडे हाती देई. सोन्याविषयी तर बोलायलाच नको. आजीच्या पाटल्या आटवून सुनेच्या बांगड्या व्हाव्यात आणि त्या बांगड्या आटवून नातीचा गोफ व्हावा, यात कोणाला कमीपणा वाटत नाही. 'हे सोने वापरलेले आहे' असे म्हणून नाक मुरडणारी मुलगी मी अद्याप पाहिलेली नाही. उलट 'घरचे सोने' म्हणून त्याचे मोल काकणभर अधिकच! परंतु जुन्या प्लास्टिकपासून केलेली बादली म्हटली, की त्याच घरातील माणसे ती दोन बोटांनी उचलून पुन्हा खाली ठेवतात. धातूच्या पुनर्जन्माला प्रतिष्ठा आणि प्लास्टिकच्या पुनर्जन्माला तिरस्कार, हा पंक्तिप्रपंच का असावा?

या प्रश्नाचे उत्तर मला एका यंत्राशेजारी उभे राहिल्यावर मिळाले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका स्नेह्यांचा इंजेक्शन मोल्डिंगचा लहानसा कारखाना आहे. यंत्राच्या डोक्यावरील हॉपरमधून तांदळाएवढे प्लास्टिकचे दाणे तापलेल्या नळकांड्यात उतरतात. तेथे एक फिरता स्क्रू त्यांना घुसळीत, वितळवीत पुढे नेतो आणि तो दाट रस एका झटक्यासरशी पोलादी साच्यात दाबून भरतो. काही सेकंदांत रस थिजतो, साचा उघडतो आणि वस्तू खाली पडते. वस्तूबरोबर एक काडीसारखा, फांद्या फुटलेला तुकडाही पडतो. रस ज्या वाटांनी साच्यात शिरला, त्या वाटांतच तो थिजलेला असतो. कारखान्यात त्याला 'रनर' म्हणतात. हा रनर दळून त्याचा चुरा नव्या दाण्यांत मिसळतात. म्हणजे मोडीचा माल बाहेरून येण्यापूर्वी या कारखान्याच्या पोटातच जन्मलेला असतो.

या कलेचा इतिहासही तेच सांगतो. हस्तिदंताला पर्याय म्हणून निघालेल्या सेल्युलॉइडला आकार देण्यासाठी जॉन वेस्ली हायट आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी १८७२ साली अमेरिकेत असल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्रात दट्ट्या होता. तो नुसता ढकलीत असे. १९४६ साली जेम्स वॉटसन हेंड्री याने दट्ट्याऐवजी फिरता स्क्रू बसविला. या स्क्रूमुळे नवे दाणे, रंग आणि जुना माल एकजीव घुसळून मग साच्यात सोडणे शक्य झाले. हस्तिदंताचा प्रतिनिधी म्हणून जन्मलेल्या या पदार्थाला पुढे स्वतःचाच प्रतिनिधी व्हावे लागले, हा दैवाचा गमतीदार न्यायच म्हणावयाचा.

मग सोन्यात आणि यात भेद कोठे आला? माझे स्नेही म्हणाले, "अहो, सोन्याला आठवण नसते, प्लास्टिकला असते." हे वाक्य मला फार आवडले. सोने शंभर वेळा आटविले तरी त्याचा अणू तोच राहतो. प्लास्टिक मात्र रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते, आणि प्रत्येक उष्णता, प्रत्येक घुसळण त्या साखळ्यांवर आपली खूण ठेवून जाते. बादल्या आणि खुर्च्या ज्याच्या होतात त्या पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात. रस पातळ होतो, साचा सुखाने भरतो, परंतु वस्तू ठिसूळ निघते. पॉलिएथिलीनच्या साखळ्या तुटतात तशाच कधी एकमेकींना जोडल्याही जातात आणि रस उलट दाट होतो. पाण्याच्या बाटलीच्या पेटची गोष्ट आणखी निराळी. ते हवेतील ओल शोषून घेते आणि वितळताना ती ओलच त्याच्या साखळ्या कापून काढते. म्हणून ते गरम हवेत कित्येक तास सुकवावे लागते. दहा लाख भागांत पन्नासाहून अधिक भाग पाणी राहिले तरी काम बिघडते.

तथापि आठवण असणे म्हणजे निकामी असणे नव्हे. स्नेह्यांनी मला एक साधे गणित दाखविले. दर वेळी शेकडा २५ या प्रमाणात स्वतःच्याच रनरचा चुरा मिसळीत गेले, तर कालांतराने साच्यात जाणाऱ्या १०० भागांपैकी ७५ भाग कोरे, सुमारे १९ भाग एकदा वितळलेले, ५ भाग दोनदा, आणि त्याहून अधिक वेळा भट्टी पाहिलेला माल जेमतेम दीड भाग असतो. थकलेले दाणे फार थोडे, आणि त्यांना आधार देणारे ताजे दाणे पुष्कळ! एकत्र कुटुंबात चार म्हातारी माणसे सुखाने नांदतात ती याच हिशेबाने. विजेच्या उपकरणांच्या सुरक्षेविषयी नियम घालणाऱ्या अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेनेही कारखान्याच्या स्वतःच्या चुऱ्याला सामान्यतः शेकडा २५ पर्यंत निराळ्या परीक्षेवाचून मुभा ठेवली आहे.

अडचण येते ती बाहेरच्या मोडीची. रनरचा पूर्वेतिहास मालकाला ठाऊक असतो. बाजारातून पोत्यात भरून आलेल्या काळ्या दाण्याचा कोणालाच ठाऊक नसतो. त्यात तेलाचा डबा असेल, उन्हात तीन वर्षे भाजलेली खुर्ची असेल, आणखी काहीही असेल. पाण्याच्या हौदात पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन दोन्ही तरंगतात. पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. म्हणजे पाणी अर्धाच निवाडा करते. आणि पेट वितळविण्यास सुमारे २५० अंशांवर उष्णता लागते, तोवर त्यात चुकून राहिलेले पीव्हीसी जळू लागते आणि आम्ल सोडून साऱ्या रसाचा नाश करते. उरलेला अर्धा निवाडा माणसाच्या हातांना करावा लागतो. पुण्यात १९९३ साली ज्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, त्या कचरावेचक बायांचे हात हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत. तुकडा वाकवून, वाजवून, त्याची जात ओळखणारी ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत. आपण मात्र भाजीच्या देठांत आणि आमटीच्या खरकट्यात ते सारे कालवून त्यांच्या पुढ्यात टाकतो, आणि वर मोडीचा माल वाईट असतो अशी तक्रार करतो!

स्नेह्यांकडे बाहेरचे पोते आले की आधी त्याची परीक्षा होते. पॉलिप्रॉपिलीन असेल तर २३० अंश उष्णतेला, २.१६ किलोग्रॅम वजनाखाली, ठराविक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम रस गळतो ते मोजतात. आकडा फार वाढला, तर साखळ्या तुटल्या आहेत असे समजावयाचे. मग चार वस्तू काढून आपटून पाहावयाच्या आणि त्यानंतरच प्रमाण ठरवावयाचे. कुंडीखालच्या ताटलीत पुष्कळ चालेल. भार सोसणाऱ्या वस्तूत थोडेच. विजेच्या खटक्याच्या आवरणात अनोळखी पोते मुळीच नाही. उत्तम दर्जा म्हणजे सर्वत्र नवा दाणा, असा अर्थ नव्हे. ज्या कामाला जेवढे बळ हवे, तेवढे त्या वस्तूत निश्चित असणे, हाच त्याचा अर्थ.

एकदा त्यांच्याकडे स्टुलांचे मोठे काम आले होते. दर असा की नव्या दाण्यात ते परवडूच नये. गिऱ्हाईक म्हणाले, "मिळेल तो दाणा घाला आणि रंग काळा द्या. कोण विचारतो?" स्नेह्यांनी नकार दिला. मला सांगताना ते एवढेच बोलले, "माळ्यावरचा डबा काढायला त्या स्टुलावर एखादी आजीबाई उभी राहणार, हो!" काम दुसरीकडे गेले. ते स्टूल आज कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात असेलच. पुढे ते म्हणाले, "खरी पंचाईत अशी आहे, की मोडीचा दाणा घातला आहे असे सांगितले तर गिऱ्हाईक जाते, न सांगता घातला तर राहते."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. या धंद्यात नव्या दाण्याला 'व्हर्जिन' म्हणतात. नावातच सोवळेपणा भरलेला! एकदा एका दाण्याला सोवळा ठरविला, की दुसरा आपोआप ओवळा ठरतो. आणि ओवळा ठरलेला मग चोरवाटेने घरात शिरतो. जो माल राजरोस पंचवीस भाग चालला असता, तो लपूनछपून साठ भाग चालतो. दर्जा बिघडतो तो मोडीने नव्हे, लपवाछपवीने.

आता वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. केंद्र सरकारने २०२२ साली प्लास्टिकच्या वेष्टनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत कठीण वेष्टनांमध्ये पुनर्वापराच्या प्लास्टिकचा भाग २०२५-२६ साली निदान शेकडा ३० असावा आणि २०२८-२९ पर्यंत तो ६० वर जावा, असे ठरविले. हेतू उत्तम आहे. परंतु जो दाणा लपविण्यात नफा होता, तोच मिरविण्यात नफा दिसू लागताच कागदोपत्री मोडीचे पीक आले. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही कारखान्यांची बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. काल असलेला माल नाही म्हणून विकला जात होता. आज नसलेला आहे म्हणून विकला जातो. दोन्ही असत्ये एकाच बीजाची: दाण्याचा पूर्वेतिहास सांगण्याची लाज किंवा हौस, पण खरे सांगण्याची सवय मात्र नाही.

मोडीच्या भांड्याला अब्रू होती, कारण तराजू सर्वांसमोर लटके आणि घट मोठ्याने सांगितली जाई. प्लास्टिकलाही तेवढाच न्याय मिळावा असे मला वाटते. त्यासाठी आपण करावयाचे ते फार थोडे आहे: घरचा कचरा निराळा ठेवावा, थोड्या करड्या, थोड्या मळकट रंगाच्या वस्तूला घरात जागा द्यावी, आणि दुकानात बादली उचलताना सरळ विचारावे, "यात मोडीचा दाणा किती?" दुकानदाराने खाली न पाहता आकडा सांगावा, आणि आकडा ऐकून गिऱ्हाइकाने बादली खाली ठेवू नये. एवढे घडेल त्या दिवशी कारखान्यातील माणसाला काळ्या रंगाचा आडोसा घेण्याचे कारण उरणार नाही.