घोट्याच्या ऑपरेशननंतर जखमेची काळजी: टाक्यांची घाई नको

दिंद्रुड परिसरात घोटा मोडायला फार मोठा अपघात लागत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुतून बसतो, अंग पुढं जातं आणि पाऊल तिथंच राहतं. कुणाची मोटरसायकल घसरते. कुणाचा पाय उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना सटकतो. मग अंबाजोगाईला किंवा बीडला जाऊन प्लेट आणि स्क्रू बसवून घ्यायचे आणि काही दिवसांत घरी परतायचं. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात होतं, पण जखम भरते ती घरच्या बाजेवर. त्या दिवसांत काय करायचं, याबद्दल आज लिहितो.

आधी आपल्या चांगल्या पायाच्या घोट्यावर बोट ठेवून बघा. कातडीखाली लगेच हाड लागतं. मांडीवर असतो तसा मांसाचा थर इथं नाही. ऑपरेशनमध्ये प्लेट बसते ती याच पातळ कातडीखाली. त्यात घोटा हा शरीराचा अगदी खालचा भाग. पाय खाली सोडून बसलं की रक्त आणि पाणी तिथं साचतं, सूज चढते, कातडी ताणली जाते आणि टाक्यांच्या कडा एकमेकींपासून ओढल्या जातात. जखमेला रक्तपुरवठाही कमी पडतो. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचं औषध म्हणजे पाय उंच ठेवणं.

उंच म्हणजे किती? समोरच्या स्टुलावर ठेवला म्हणजे झालं, असं नाही. आडवं पडून पाय छातीच्या पातळीच्या वर यायला हवा. दोन उशा किंवा घडी घातलेली गोधडी पोटरीखाली घ्या. टाच मोकळी ठेवा, नाहीतर तिथं दाबून नवीन जखम होते. जेवायला, संडासला उठलात तरी परत येऊन पाय वर. पायाची बोटं मात्र हलवत राहायची.

पट्टीचा नियम सोपा आहे: कोरडी आणि स्वच्छ असेल तर उगाच उघडून बघू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच बदला. भिजली, घाण झाली किंवा रक्ताने चिंब झाली तर वाट न बघता त्याच दिवशी बदलून घ्या. बदलणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. आंघोळीला पाय बाहेर काढून स्टुलावर बसा आणि पायाला प्लास्टिकची पिशवी वरून घट्ट बांधा. स्लॅबच्या आत खाज सुटली म्हणून काडी किंवा विणायची सुई घालू नका. खरचटलेलं आत दिसत नाही आणि तिथंच पू होतो.

जखमेवर हळद, राख, खोबरेल तेल, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. हळद भाजीत चांगली. शिवलेल्या जखमेवर घरच्या डब्यातली पूड टाकली की तिच्याबरोबर जंतूही जातात. साध्या जखमेत जंतू गेले तर औषधांनी बहुतेक वेळा आवरतात. इथं आत धातू आहे. जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थरात गोळ्या-इंजेक्शनांचा असर नीट पोचत नाही. मग जखम पुन्हा उघडून धुवावी लागते, कधी प्लेटच काढावी लागते. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या पायाच्या उघड्या फ्रॅक्चरवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि त्याचा पाय वाचला. त्याआधी अशा जखमेत पाय कापणं हाच नेहमीचा उपाय होता. जंतू जखमेपासून लांब ठेवायचे, ही साधी गोष्ट कळायला माणसाला इतकी वर्षं लागली.

खाण्याचं पथ्य हा आणखी एक घोळ. भात खाल्ला, वांगं खाल्लं की टाके पिकतात, असं सांगून घरची मंडळी पेशंटला नुसत्या भाकरी-चटणीवर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, सगळं खा. भातही खा. बंद करायची ती तंबाखू, बिडी आणि मिसरी. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं. मिसरीला कुणी तंबाखूत धरत नाही, म्हणून ती मी मुद्दाम विचारतो. साखरेचा आजार असेल तर या काळात साखर तपासत राहा.

आता टाक्यांचं. दिवाळीच्या सुमारास एक ऊसतोड करणारी बाई आली. नवऱ्याबरोबर कोयता ठरलेला, मुकादमाची उचल घेऊन खर्चही झालेली. ऑपरेशनचा नववा दिवस. "साहेब, वरून भरलंय की. टाके काढून द्या, मंगळवारी गाडी येणार हाय." जखम वरून खरंच मिटलेली दिसत होती. मी म्हणालो, "ताई, वरची कातडी चिकटलीय, आतली ताकद अजून आली नाही. पायावर सूज आहे. आज टाके काढले आणि गाडीत पाय लोंबकळत दोन दिवस गेला, तर जखम उकलेल." घोट्याचे टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी, कातडी बघून काढतात. शिवाय टाके निघाले म्हणजे हाड जुळलं असं नाही. हाडाला सहा आठवडे आणि पुढं वेळ लागतो. भार कधी द्यायचा ते एक्स-रे बघून सर्जन ठरवतात.

सासूबाईंना हे पटेना. उचल फेडायची कुणी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे गोळी नव्हती. शेवटी नवरा पुढं गेला, बाई मागं राहिली. अठराव्या दिवशी टाके काढले. आठवड्याने ती कुबड्या घेऊन गेलीच. फडात नाही, कोपीवर. मला ते फारसं पसंत नव्हतं, पण सहा आठवड्यांच्या एक्स-रेसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि पाय खाली टेकवायचा नाही, हे नवऱ्याला फोनवर दोनदा सांगितलं.

असं बाहेरगावी गेलेल्यांनी आणि घरी असलेल्यांनीही पुढची लक्षणं ध्यानात ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, लाली पसरली, जखम गरम लागली, पू किंवा वास आला, कडा उकलल्या, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली किंवा स्लॅबमध्ये कळ सहन होईना तर रात्र असली तरी निघा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तरी थांबू नका. छातीत दुखलं, दम लागला तर सरळ मोठ्या दवाखान्यात. पोटरीतली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते.

टाके निघाल्यावर वणाजवळ थोडी बधिरता आणि संध्याकाळी येणारी सूज काही महिने राहू शकते. रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर सकाळी सूज उतरत असेल, तर तेवढ्यासाठी भाडं खर्च करून माझ्याकडे यायची गरज नाही.