हजेरीचे माहात्म्य

आमच्या शाळेच्या वार्षिक समारंभात पारितोषिकांची यादी मोठी असे. संस्कृतात पहिला, गणितात पहिला, वक्तृत्वात पहिला अशी नावे पुकारली जात आणि टाळ्यांचा कडकडाट होई. यादीच्या अगदी शेवटी, पाहुणे घड्याळाकडे पाहू लागत त्या सुमारास, ‘वर्षभर पूर्ण हजेरी’ या सदराखाली एक-दोन नावे येत. ती मुले बहुधा अन्य कोणत्याही यादीत नसत. त्यांच्या वाट्याला येणारी वही जशी लहान, तशा टाळ्याही बेताच्याच. बत्तीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली. आणि खरे सांगायचे तर या शेवटच्या पारितोषिकाविषयी माझ्या मनात प्रथमपासूनच एक छुपा पक्षपात होता. बुद्धी ही ईश्वराची देणगी. तिचे कौतुक करताना आपण थोडेबहुत दात्याचेच कौतुक करतो. परंतु पावसापाण्यात, आदल्या दिवशीचा गृहपाठ चुकलेला असताना, मार खाण्याची खात्री असतानाही जो मुलगा येऊन बाकावर बसतो, त्याचे ते येणे सर्वस्वी त्याचे स्वतःचे असते.

या पक्षपाताला आधार मिळाला तो फार दूरच्या देशात आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी. सेवानिवृत्तीनंतर एकदा मी भाचीकडे मेलबर्नला तीन महिने राहिलो. तिकडचा हिवाळा म्हणजे क्रिकेटचा विश्रांतिकाल. मंकडांनी १९४८ साली ज्या मैदानावर शतक काढले आणि १९८१ साली सुनील गावसकर ज्या मैदानावरून रागाने आपल्या जोडीदाराला घेऊन निघाले, त्याच मैदानावर हिवाळ्यात तेथील लोकांचा स्वतःचा फुटबॉल चालतो. भाचीचा मुलगा तेथेच जन्मलेला. तो तांबड्या-निळ्या पट्ट्याचा गळपट्टा माझ्या मानेभोवती गुंडाळून मला तेथे घेऊन गेला. “आजोबा, आपण तांबड्या-निळ्यांच्या बाजूचे,” एवढेच त्याने मला बजावले होते.

हा खेळ प्रथम पाहणाऱ्यास गोंधळल्यासारखे होते. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लंबगोल. प्रत्येक बाजूस अठरा गडी आणि दोन्ही टोकांस चार चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने धाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण; म्हणजे नेम चुकला तरी प्रयत्नाची अगदीच बोळवण होत नाही. चेंडू हाती घ्यावा, पण फेकू नये; एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसावा. लाथेने उडालेला चेंडू कोणी हवेतल्या हवेत झेलला की खेळ क्षणभर थबकतो आणि झेलणाऱ्यास निर्वेधपणे लाथ मारण्याचा हक्क मिळतो. क्रिकेटपटूंची अंगे हिवाळ्यात सुस्तावू नयेत म्हणून काही खेळ असावा असे टॉम विल्स नावाच्या एका क्रिकेटपटूने १८५८ साली सुचविले आणि पुढल्याच वर्षी मेलबर्न क्लबाने त्याचे नियम लिहून काढले. इंग्रजी फुटबॉलचे नियम ठरण्यापूर्वीचे हे नियम आहेत, याचा तेथल्या माणसांना सार्थ अभिमान वाटतो.

सामना संपल्यावर बाहेर पडताना माझ्या नातवाने मला एका पुतळ्यापाशी उभे केले. तो जिम स्टाइन्स याचा पुतळा. त्याची हकीकत मी प्रथम त्या मुलाच्या तोंडून ऐकली, मागाहून वाचून काढली, आणि तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

स्टाइन्स हा मूळचा ऑस्ट्रेलियन नव्हेच. तो १९६६ साली आयर्लंडात डब्लिन शहरी जन्मला. तेथला गेलिक फुटबॉल हा या खेळाचा दूरचा भाऊ शोभेल असा आहे. परंतु तेथे चेंडू वाटोळा आणि खेळाडू हौशी, पैसा न घेणारे. हे साम्य पाहून मेलबर्न क्लबाला एक कल्पना सुचली. उंच, चपळ आयरिश मुले आणून त्यांना आपला खेळ शिकवावा आणि मोबदल्यात त्यांच्या शिक्षणाचा खर्च करावा. वर्तमानपत्रात जाहिरात आली. नुकताच डब्लिनच्या कुमार संघातून अखिल आयर्लंडचे अजिंक्यपद जिंकलेल्या अठरा वर्षांच्या स्टाइन्सने अर्ज केला आणि १९८४ च्या अखेरीस तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन पोहोचला. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटला की कोणीकडे उसळेल याचा नेम नसतो. वाटोळ्या चेंडूवर वाढलेल्या मुलाला तो वश करायला दोन वर्षे लागली. १९८७ साली त्याला वरिष्ठ संघात जागा मिळाली.

त्याच वर्षी त्याची कसोटी लागली. मेलबर्न क्लब १९६४ नंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत पोहोचला होता. १९ सप्टेंबर रोजी वेव्हर्ली पार्कवर हॉथॉर्न संघाशी उपांत्य सामना होता. जिंकेल तो अंतिम सामना खेळणार. अखेरच्या क्षणी मेलबर्न चार गुणांनी पुढे होता. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनारा याला लाथ मारण्याचा हक्क मिळाला, एवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा झाला. नियमाप्रमाणे ती एक लाथ त्याला मारता येणार होती; परंतु अंतर इतके होते की यश येणे कठीणच. आणि त्याच वेळी स्टाइन्स, एका प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावण्याच्या ओघात, बकेनारा आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्याच गड्याच्या मधून पलीकडे गेला. त्या पट्ट्यातून कोणी जाऊ नये असा नियम आहे. जन्मापासून हा खेळ खेळलेल्या मुलाचे पाय तेथे आपोआप अडखळले असते. पंचाने बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणले. चेंडू मधल्या खांबांतून गेला. सहा गुण झाले. मेलबर्न दोन गुणांनी हरला. तेवीस वर्षे वाट पाहणाऱ्या लोकांच्या तोंडचा घास एका परक्या मुलाच्या चार पावलांनी गेला.

अशा चुकीनंतर माणसाचे काय होते? शिक्षकाच्या व्यवसायात हा प्रश्न वरचेवर भेटतो. माझ्या वर्गात एक बुद्धिमान मुलगा होता. मॅट्रिकच्या परीक्षेत एका विषयात थोडक्या गुणांनी तो गेला. ऑक्टोबरात पुन्हा बसून तो सहज निघाला असता. पण तो पुन्हा शाळेच्या दारात आला नाही. त्याचा दाखला कित्येक वर्षे कार्यालयाच्या कपाटात पडून होता. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्याच्या आईने तो बाहेर गेला आहे असे सांगितले आणि दोन्ही वेळा आतल्या खोलीचे दार किंचित हलले. त्याला परीक्षेने मारले नाही. त्याला मारले ते पुन्हा दिसण्याच्या लाजेने. चूक ही एका क्षणाची असते. तिच्यानंतर जी गैरहजेरी सुरू होते, तिला अंत नसतो.

स्टाइन्सला घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता. डब्लिनमध्ये त्याला कोणी दोष दिला नसता. तेथे त्या नियमाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. तो परतला नाही. पुढल्या हंगामात तो पुन्हा मैदानावर उभा राहिला आणि त्यानंतर पडत, उठत, दुखावत उभाच राहिला. १९८७ च्या हंगामाच्या उत्तरार्धापासून १९९८ पर्यंत लागोपाठ २४४ सामन्यांत तो एकदाही गैरहजर नव्हता. पूर्वीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटस याचा, २०२ सामन्यांचा. तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला होता. या २४४ च्या गणनेत एक गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ही मालिका त्या दुर्दैवी उपांत्य सामन्याच्या थोडे आधी सुरू झाली होती. म्हणजे तो सामनाही त्या २४४ पैकी एक आहे. चुकीचा दिवस वगळून विक्रम मोजलेला नाही. तो दिवस धरूनच तो पूर्ण झाला आहे.

यावर कोणी म्हणेल, नुसत्या हजेरीचे एवढे काय कौतुक? घड्याळही रोज हजर असते. शिवाय या खेळात अंगावर अंग आपटते, बरगड्या मोडतात, गुडघे निखळतात. दुखावलेल्या शरीराने मैदानात उतरणे हे शौर्य की हट्ट? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. जे दुखणे अंगावर काढून माणसे कामावर जातात, त्यातले निम्मे शौर्य ‘आपल्यावाचून अडेल’ या अहंकाराचे असते, हे मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ पाहिले आहे. स्टाइन्समध्येही तो अंश असेल. परंतु केवळ हट्टाने शरीर मैदानात नेता येते, खेळ उंचावता येत नाही. त्याचे स्थान मध्यभागी. त्या काळी पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उसळवीत असे, तेव्हा दोन्ही संघांचे सर्वांत उंच गडी त्यासाठी उडी घेत, त्यांतला तो एक. हे उंच गडी सामान्यतः उडी मारून दमतात आणि पुढचे धावणे धाकट्यांवर सोपवितात. हा मात्र त्या धाकट्यांच्या बरोबरीने साऱ्या मैदानभर धावत असे. १९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळाले. हे पदक केवळ कौशल्याचे नव्हे. मोसमातल्या सर्वांत न्यायी आणि उत्तम खेळाडूस ते द्यावयाचे असते, आणि त्यासाठी दर सामन्याअखेर मते देतात ते पंच. चार वर्षांपूर्वी पंचाच्या शिट्टीने ज्याचे नाव घरोघरी बदनाम झाले, त्याला पंचांनीच हे पदक दिले. आयर्लंडात वाढून ते मिळविणारा तो पहिलाच.

मात्र ज्यासाठी एवढे केले ते अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. १९८८ साली मेलबर्न अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि त्याच हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हरला. सर्व मिळून २६४ सामने खेळून तो १९९८ साली निवृत्त झाला.

खेळत असतानाच, १९९४ साली, त्याने चित्रपट-दिग्दर्शक पॉल करी याच्या साहाय्याने ‘रीच’ नावाची संस्था काढली होती. वयात येणाऱ्या मुलामुलींना एकत्र बसवून त्यांना आपले भय आणि आपली लाज मोकळेपणाने बोलू द्यावी, हा तिचा उद्देश. कीर्तिमान खेळाडू मुलांपुढे उभे राहतात ते बहुधा आपले विजय सांगण्यासाठी. याच्यापाशी सांगण्यासारखी पराभवाची गोष्ट होती, आणि मुलांना तीच हवी असते. हे वाचताना मला दार किंचित हललेले ते घर आठवले. अशी एखादी बैठक त्या मुलाच्या वाट्याला आली असती तर!

२००८ साली मेलबर्न क्लब कर्जात बुडाला होता. देणे सुमारे पन्नास लक्ष डॉलरांचे होते. तेव्हा स्टाइन्सने अध्यक्षपद पत्करले. कर्ज फेडण्यासाठी मेजवान्या झाल्या, सभासदांनी देणग्या दिल्या. आणि वर्ष होते न होते तोच, जुलै २००९ मध्ये, आपल्याला कर्करोग झाल्याचे त्याने स्वतःच जाहीर केले. त्वचेच्या काळ्या पेशींतून उद्भवणारा मेलानोमा नावाचा तो प्रकार. तो शरीरभर पसरला, मेंदूपर्यंत गेला. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. अकरा वर्षे एकही सामना न चुकविणाऱ्या माणसाला आता वारंवार उपचारासाठी दूर राहावे लागले, आणि बरे वाटताच तो पुन्हा येऊन बसू लागला. २०१० च्या ऑगस्टमध्ये क्लब ऋणमुक्त झाला. २०१२ च्या फेब्रुवारीत त्याने अध्यक्षपद सोडले. २० मार्च रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. सरकारी इतमामाने त्याला निरोप देण्यात आला. पुढे काही दिवसांतच मोसमातला पहिला सामना होता. कथालेखकाने तेथे मेलबर्नला विजय दिला असता; प्रत्यक्षात मेलबर्न हरला.

अजिंक्यपद आले ते २०२१ साली, १९६४ नंतर प्रथमच. तेव्हा स्टाइन्सला जाऊन नऊ वर्षे झाली होती. साथीमुळे मेलबर्न शहर घरात कोंडलेले असल्याने तो सामना दूर पर्थमध्ये खेळविला गेला. आयुष्यभर संघाचा गळपट्टा मिरविणारे म्हातारेही त्या दिवशी मैदानावर नव्हते. त्यांनी आपल्या दिवाणखान्यात बसून तो विजय पाहिला. जे नित्य हजर असतात त्यांना फळाच्या दिवशी हजर राहता येतेच असे नाही, आणि तशी अटही त्यांनी कधी घातलेली नसते. शेतात बांधावर आंबा लावणारा म्हातारा हिशेब करीत नाही. रोप तगेपर्यंत रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी मात्र न चुकता घालतो.