मागच्याचें भान

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत मुलाकडे असतांना त्याची बारा फुटी कयाक तळ्यावर न्यावयाची होती. पिकअपचा हौदा अवघा साडेपांच फुटांचा. फाळका उघडला तेव्हां आणखी दोन फुटांचा आधार मिळाला. तरी साडेचार फूट होडी बाहेरच! मीं मधोमध एक आडवा पट्टा आवळला आणि म्हणालों, "चल, झालें!"

"बाबा, हा पट्टा होडी दाबून धरील, मागें सरकूं लागली तर अडविणार नाहीं." त्यानें होडीचें पुढचें टोंक हौद्याच्या पुढील कड्यांना बांधलें, फाळक्याजवळ दुसरा पट्टा घातला आणि मागच्या टोंकास लाल फडकें लावलें. चार फुटांहून अधिक भाग बाहेर आल्यास तें तिकडे अनेक राज्यांत सक्तीचें आहे. एवढ्या सोपस्काराचा मला कंटाळा आला, हें कबूल करतों.

पहिल्याच चढावर मागें वळून पाहिलें. एक मोटारसायकलस्वार, पाठीशीं लहान मुलगी, फडक्यापासून बेताचें अंतर राखून येत होता. त्या दोघांना मी माझ्या एका पट्ट्याच्या भरंवशावर सोडणार होतों! तळें येईपर्यंत मी गप्पच होतों. परततांना मात्र पुढची गांठ मीं स्वतः मारली, आणि मुलाला ती ओढून पाहावयास सांगितलें.