दोन किल्ल्या

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच म्हणतात. पण तो कोणता असावा, याची एक ठराविक यादी प्रत्येकाच्या मनात असते. पोस्टाची तिकिटं चालतात, जुनी नाणी चालतात, गुलाबाची कलमं तर फारच चालतात. माझ्या छंदाचं नाव काढलं, की समोरचा गृहस्थ हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवतो. मी एकोणिसाव्या शतकातली नेमबाजीची रिव्हॉल्व्हरं जमवतो.

जमवतो म्हणजे फार नाहीत. सारी मिळून तीन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डजवळ एका कारखान्यात नोकरीला लागून तीस वर्षं होत आली. याच गावात स्मिथ आणि वेसन या जोडीने १८५६ साली आपला कारखाना थाटला होता. तेव्हा इथल्या जुन्या बाजारात हिंडताना हा रोग मला जडला नसता तरच नवल. यंत्रांत वाढलेल्या माणसाच्या हातात एक जुनं 'न्यू मॉडेल नंबर थ्री' पडलं. १८७८ साली निघालेला हा नमुना. वरची खिट्टी उचलली, की नळी पुढे वाकते आणि आतला तारा वर येऊन सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतो. मी ते दहादा उघडलं, दहादा मिटलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने कानस मारून बसवलेला सांधा अजून केसाएवढाही हलत नव्हता. मी तिथेच विकला गेलो.

पुढे कळलं, की हा नमुना नेमबाजांचा फार लाडका. रशियाच्या सैन्यासाठी कारखान्याने जे काडतूस तयार केलं, ते इतकं अचूक निघालं, की लढाईपेक्षा कागदी निशाणावरच त्याने जास्त नाव कमावलं. आयरा पेन नावाचा अमेरिकन नेमबाज अशीच रिव्हॉल्व्हरं घेऊन युरोपातल्या रंगभूमीवर खेळ करायचा. पोर्तुगालच्या राजाने त्याला सरदारकी दिली होती. वॉल्टर विनान्स हा दुसरा अवलिया. त्याने ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं सुवर्णपदक मिळवलं १९०८ साली, आणि १९१२ साली पुन्हा सुवर्णपदक मिळवलं ते मूर्तिकलेत! हाताची स्थिरता कुठे कुठे उपयोगी पडते पाहा.

या छंदात फसवणूकही पोटभर होते. माझं दुसरं रिव्हॉल्व्हर आरशासारखं लखलखत होतं. विकणाऱ्याने "अगदी मूळचं निकेल" म्हणून शपथ घेतली आणि मी महिन्याचा पगार मोजला. घरी आल्यावर पुस्तक उघडलं. मूळ निकेलच्या नगावर चापाभोवतालची कडी निळसर पोलादाची ठेवत; सगळंच चकाकत असेल, तर मुलामा मागाहून चढवलेला. माझं सगळंच चकाकत होतं. कुणीतरी ते घासूनपुसून, त्याचं सारं वय उतरवून, त्याला नव्या नवरीसारखं नटवलं होतं. त्या दिवशी मी शिकलो, की जुन्या वस्तूवरचा डाग पुसणं म्हणजे तिची साक्ष पुसणं.

तिसरं मात्र अस्सल. खास निशाणबाजीसाठी केलेलं, साडेसहा इंची नळीचं. याच्या काडतुसात गोळी पार आत बुडालेली असे; बाहेरून नुसती पितळेची नळकांडी दिसे. कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून नंबर पाहून पत्र देतात. त्याप्रमाणे ते १८८९ साली बाहेर पडलेलं. अमेरिकेत १९६८ साली जो कायदा झाला, त्याप्रमाणे १८९८ पर्यंतचं असं हत्यार जुनी वस्तू ठरतं, बंदुकीत मोडत नाही. हे वाक्य मला फार आवडायचं. सौ.ने नाक मुरडलं, की मी ते म्हणून दाखवायचो. मी कधी एकही गोळी झाडली नाही, घरात कधी एकही काडतूस आणलं नाही. माझ्या लेखी ती घड्याळंच होती. फक्त वेळ दाखवत नव्हती.

मग २०१२ सालचा डिसेंबर उजाडला. शेजारच्या कनेक्टिकट राज्यात, न्यूटाउन गावी, सँडी हूक शाळेत एका माणसाने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळ्या घालून मारली. सहा-सात वर्षांची मुलं! आमचे चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. त्यांच्या शाळेत सराव घेतला. दिवे घालवायचे, दाराला कुलूप, आणि कोपऱ्यात एकमेकांना चिकटून गप्प बसायचं. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं,

"बाबा, तुमच्या कपाटात आहेत, त्या बंदुकाच ना?"

मी माझं आवडतं वाक्य म्हटलं. कायद्याने त्या बंदुका नव्हेत.

तो जरा विचार करून म्हणाला, "पण गोळीला तो कायदा माहीत असतो का?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्यानंतर त्याच्या मित्रांचं आमच्या घरी येणं थांबलं. त्यांच्या आईबापांनी थांबवलं असेल, असा माझा समज होता. पुष्कळ दिवसांनी कळलं, की हाच त्यांना बोलावत नव्हता. आपल्या घराची लाज वाटणारं मूल घरात वावरतंय आणि आपण रोज रात्री मऊ फडक्याने पोलाद पुसतोय, ही गोष्ट सुखाची नव्हे. विकून टाकायचं म्हणून एकदा माल पाहणाऱ्यालाही बोलावलं. पण विकत घेणारा कोण निघेल, तो काय करील, हे कुणी सांगावं? मी त्याला परत पाठवलं. खरं सांगायचं तर, हा विचार निम्मा खरा होता आणि निम्मी सबब होती.

पुढच्या वर्षी सांगलीहून आई आली, ती नवरात्र इथेच करायचं ठरवून. कपाट उघडलेलं पाहून म्हणाली, "अरे, पुण्याच्या केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले. तुला हेच बरं सुचलं!"

पण खंडेनवमीला सकाळी तिने स्वतःच पाट मांडला. माझे पाने, सौ.ची सुरी, शिवणाचं मशीन आणि शेवटी म्हणाली, "आण ते. घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं चालायचं नाही." मी नको नको म्हणत होतो, कारण ओल्या हळदीकुंकवाची मला धास्ती. तिने अक्रोडाच्या मुठीवर भरघोस बोट टेकवलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. नातू दारात उभा होता. आत येत नव्हता.

"आजी, तू त्याला नमस्कार का करतेस?"

"बाळा, ते रागावू नये म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याचं चाक निघतं का रे?"

निघतं. नळी वाकवली, खिट्टी उचलली, की ते फिरवून बाहेर येतं. मी तिन्ही चाकं काढून तिच्या हाती दिली. तिने ती देव्हाऱ्याखालच्या कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली नातवाच्या हातात दिली. "बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, नाही का? बाबांच्या कपाटाची त्यांच्याकडे, हिची तुझ्याकडे. दोघांचं एकमत असेल, तेव्हाच उघडायचं. वर्षातून एकदा, पूजेला."

त्याने ती किल्ली मुठीत घट्ट धरली. पुढच्या महिन्यात शाळेतला एक मित्र आमच्याकडे जेवायला आला.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. चिरंजीव बॉस्टनला नोकरी करतात. किल्ली त्यांच्या जुडग्यातच असते, त्यामुळे वर्षभर माझ्यापाशी चाकाविनाच्या तीन सुंदर मुठी आणि नळ्या. मला आवाज ऐकावासा वाटला, तरी इलाज नाही. खंडेनवमीला मात्र तो येतो. यंदाही आला. पाट त्यानेच मांडला, चाकंही त्यानेच बसवली. आजीच्या कुंकवाचा डाग अक्रोडाच्या रेषांत मुरून काळसर झालाय. त्यावर त्याने अंगठा फिरवला.

"याने किंमत कमी होत असेल ना, बाबा?"

"बरीच," मी म्हणालो.

त्याने फडकं उचललं. डागाभोवतालची मूठ नीट पुसली, आणि चाकं काढून पुन्हा पेटीत ठेवली.