निदान आणि चिकित्सा

झोअँथिड नावाच्या समुद्रजीवाजवळ स्वतःची अवस्था सांगण्याची एकच रीत असते : तो उमलतो किंवा मिटतो. शर्टाच्या बटणाएवढी चकती, तिच्या कडेने स्पर्शकांची दुहेरी झालर, खाली मांसल देठ, आणि असे चाळीस-पन्नास पॉलिप एकाच पातळ पायथ्याने दगडाला धरून असलेले. दिवा लागला की ते उमलतात. मासा अंगावरून गेला की मिटतात, अंधार पडला की मिटतात, आणि आजारी पडले तरी मिटतातच. भाषेच्या अभ्यासकांनी कल्पना करून पाहावी : एकाच शब्दाची भाषा, आणि त्या एका शब्दात सांगितलेली प्रत्येक तक्रार.

लंडनच्या वायव्य उपनगरात, आमच्या बैठकीच्या खोलीत, सुमारे दोनशे लिटर खाऱ्या पाण्याचा एक टँक गेली सहा वर्षे आहे. आम्ही दोघेही साहित्याचे विद्यार्थी. जीवशास्त्राशी आमचा परिचय शाळेतल्या बेडकापाशी संपतो. त्यामुळे गेल्या मार्चमध्ये या टँकमधली एक वसाहत मिटली आणि तीन दिवस उमललीच नाही, तेव्हा आम्ही ज्या पद्धतीने विचार करू लागलो ती पद्धत वाङ्मयाच्या वर्गातली होती, हे आधीच सांगितलेले बरे.

नारिंगी कडा आणि हिरवट मध्य असलेले ते बेचाळीस पॉलिप होते. एका निवृत्त ग्रंथपालांनी आम्हांला पाच वर्षांपूर्वी दगडाच्या कपचीवर चार पॉलिप दिले होते, त्यांचेच बेचाळीस झाले. झोअँथिड कळ्या फुटून वाढतात, म्हणून एका वसाहतीचा तुकडा दुसऱ्या घरी गेला तरी जनुकांच्या दृष्टीने तो तोच जीव असतो. ग्रंथपालांनी वयोमानामुळे पुढे आपला टँक मोडला आणि मूळ वसाहत राहिली नाही. हस्तलिखितांवर काम केलेल्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल : मूळ पोथी नष्ट, आणि हाताशी फक्त एक प्रत. तिला कसर लागली असेल तर गोष्ट निराळी होते.

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोगाचे मूळ ओळखणे. दुसरा, कमीत कमी. 'निदान फोन तरी करायचास' म्हणतो तो. टँकसमोर बसलेल्या माणसाला हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. निदान पाणी तरी दोषी नाही, एवढे आधी ठरवायचे असते. लंडनच्या नळाचे पाणी फार कठीण, म्हणून आम्ही ते गाळणयंत्रातून शुद्ध करून त्यात समुद्री मीठ मिसळतो. तापमान २५ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५, नायट्रेट लिटरला ८ मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०६. कॅल्शियम या प्रकरणात गौण, कारण झोअँथिड हे खडक बांधणाऱ्या प्रवाळांचे नातेवाईक असले तरी स्वतः सांगाडा बांधत नाहीत. पाणी फार स्वच्छ झाले तर हे जीव आकसतात, पण आमचे पाणी तितके सोवळे नव्हते. शिवाय शेजारची दुसरी वसाहत, त्याच पाण्यात, त्याच दिव्याखाली, हातभर अंतरावर, व्यवस्थित उमललेली होती. संदर्भ सारखा आणि अर्थ भिन्न. तेव्हा कारण संदर्भात नसून संहितेतच कुठेतरी दडलेले असणार.

याच सुमारास सांगलीहून आत्याचा फोन आला. आजारी कोण, असे तिने काळजीने विचारले, आणि उत्तर ऐकून ती हसतच सुटली. "पोवळं आजारी पडतं होय रे? आमच्याकडे आजारी माणसाला प्रवाळपिष्टी देतात!" आत्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. आपल्याकडे प्रवाळ हे शतकानुशतके औषध आहे, मंगळाचे रत्न आहे, अंगठीत बसवायची वस्तू आहे. त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याचे कारणच कधी पडले नाही. संस्कृतात तर 'प्रवाल' म्हणजे कोवळी पालवीही. 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या स्मिताला उपमा शोधताना कालिदास 'प्रवाल' हा शब्द पालवीसाठी वापरतो आणि पोवळ्यासाठी 'विद्रुम' योजतो. या दुसऱ्या शब्दातही द्रुम, म्हणजे झाड, आहेच. वनस्पती की खनिज, एवढाच संशय आपल्या शब्दांना पडला. प्राणी असेल, हे कुणाच्या मनात आले नाही.

युरोपातही फार काळ आले नाही. इटालियन निसर्गवेत्ता मार्सिली याने १७०६ मध्ये तांबड्या प्रवाळाच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवल्या. थोड्या वेळाने त्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. फांदी पाण्याबाहेर काढली की ती मिटत, परत बुडवली की उमलत. मार्सिलीने जाहीर केले की प्रवाळाची फुले सापडली, म्हणजे प्रवाळ ही वनस्पतीच. पुढे १७२० च्या दशकात मार्सेयचा एक वैद्य, झाँ-आंद्रे पेसोनेल, याने तेच उमलणे-मिटणे पाहिले आणि लिहिले की ही फुले नव्हेत, हे समुद्रफुलासारखे प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीत हे मत मांडताना रेओम्यूरने लेखकाचे नाव घेतले नाही. इतक्या विचित्र मतामुळे त्या बिचाऱ्याचे हसे होऊ नये, हा त्यामागचा सद्हेतू! पेसोनेलचे म्हणणे मान्य व्हायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली.

आम्हांला या कथेत कोण बरोबर ठरला याचे फारसे अप्रूप नाही. मार्सिलीचे निरीक्षण अचूकच होते. पाकळ्या त्याने बरोबर आठ मोजल्या. चिन्ह दोघांनाही तेच दिसले. फरक एवढाच की एकाच्या डोळ्यांपुढे बाग होती आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे रुग्ण. पेसोनेल वैद्य होता, याला आम्ही योगायोग मानत नाही. मिटणारी वस्तू पाहून 'हिला काहीतरी होत आहे' असे वाटणे ही वैद्याची सवय आहे.

साहित्याच्या माणसाची सवय याहून घातक. मिटलेली वसाहत पाहून 'रुसली', 'खिन्न झाली' अशी क्रियापदे आमच्या तोंडी पहिल्याच दिवशी आली. अर्थ आधी आणि वाचन मागून, ही आपल्या वर्गांतली जुनी खोड. टँकपुढे तिचा उपयोग नाही. रुसलेल्याची समजूत काढता येते, पण समजूत काढण्याला इथे औषध नाही.

माधवनिदानात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतले उपशय आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते. रोग लपलेला असेल तर एखादा उपाय करून पाहावा आणि आराम पडतो का यावरून रोग ठरवावा, असा त्याचा आशय. टँकमध्ये एक मऊ प्रवाळही आहे, आणि अशी प्रवाळे शेजाऱ्यांना हटवण्यासाठी पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. म्हणून आम्ही गाळणीत सक्रिय कोळसा ठेवला. चार दिवसांत काही फरक पडला नाही. म्हणजे शेजारी निर्दोष. प्रवाहाची दिशा बदलली, दिवा थोडा मंद केला, तेही निर्दोष. भिंगाने देठ तपासले. झोअँथिडांच्या देठांवर पिवळसर पांढरे बारीक पुरळ येते, त्याला हौशी मंडळी देवीचाच रोग म्हणतात. अमेरिकेतले लोक त्यावर वर्षानुवर्षे नायट्रोफ्युराझोन वापरत आले. इंग्लंडात जिवाणुनाशक पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सुदैवाने पुरळ नव्हते. मात्र काठावरच्या तीन पॉलिपांच्या चकत्या कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

कुरतडणारा रात्री येतो. मध्यरात्रीनंतर लाल काच लावलेली विजेरी घेऊन आम्ही आळीपाळीने बसू लागलो. पुष्कळ समुद्रजीवांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. सहाव्या रात्री एक पॉलिप चालू लागला. शंख नसलेली ती एक समुद्री गोगलगाय होती, न्यूडिब्रँक. लांबी जेमतेम सात-आठ मिलिमीटर, आणि पाठीवर अर्धवट उमललेल्या पॉलिपांसारखेच बोंडांचे झुपके. ही जात झोअँथिडच खाते आणि त्यांचेच रंग अंगात साठवते. नारिंगी खाल्ले की नारिंगी होते. दिवसाढवळ्या आमच्या नजरेसमोर ती वसाहतीतच बसून होती. प्रक्षिप्त ओवी मूळ कवीच्या भाषेत बेमालूम मिसळलेली असावी, तसे हे होते. पाठचिकित्सेतली 'चिकित्सा' आणि वैद्याची 'चिकित्सा' हा एकच शब्द का आहे, हे त्या रात्री आम्हांला नीट उमगले.

त्यानंतरची चिकित्सा मात्र केवळ शब्दांची नव्हती. झोअँथिडांच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. हवाई बेटांतल्या माउईवर हाना गावाजवळच्या एका डबक्यातले 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावत, अशी तिथल्या लोकांची परंपरागत कथा. ते शेवाळ नसून झोअँथिडांचा भाऊबंद निघाला, आणि १९७१ मध्ये मूर व शॉयर यांनी त्यातून हे विष वेगळे केले. पेशीच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियमचा पंप त्यामुळे सताड उघड्या दारासारखा होतो. २०१८ मध्ये इंग्लंडातल्या स्टीव्हंटन गावी टँकमधले प्रवाळ साफ करताना एक कुटुंब आजारी पडून रुग्णालयात गेले होते. म्हणून असा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याखाली घासायचा नाही, तुषार उडवायचे नाहीत. रबरी हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, खिडक्या उघड्या, आणि वापरलेले पाणी ब्लीच घालून ठेवून मगच मोरीत. रुग्णाची सेवा करताना रुग्णाचीच धास्ती बाळगावी लागते.

दगड उचलला, टँकच्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात दोन मिनिटे बुडवला. मिटलेला झोअँथिड एवढे सोसतो, गोगलगायीला मात्र ते सोसत नाही. पाच गळून पडल्या. देठांच्या खालच्या बाजूला पांढुरक्या नागमोडी फिती होत्या, ती त्यांची अंडी. अंड्यांवर कोणत्याही द्रावणाचा भरवसा ठेवता येत नाही. ती चिमट्याने आणि मऊ दातब्रशाने खरवडावी लागतात. मग खाऱ्या पाण्यात ल्यूगोलच्या आयोडीनचे थेंब टाकून दहा मिनिटे. (फ्रेंच वैद्य ल्यूगोलने १८२९ मध्ये हे द्रावण क्षयरोगासाठी सिद्ध केले होते. औषधांचेही वाचक बदलतात.) राहिलेली अंडी उबतील म्हणून दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा हेच.

इथे खरी अडचण सुरू झाली. प्रत्येक स्नानानंतर वसाहत दोन दिवस मिटते. झोअँथिडांच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते. चकती उघडी असेल तरच त्याला प्रकाश मिळतो आणि पॉलिपाच्या अन्नाचा मोठा वाटा त्यातून येतो. मिटणे म्हणजे उपास. तिसऱ्या स्नानानंतर गोगलगाय एकही सापडली नाही, पण वसाहत मिटलेलीच राहिली, आणि आता हे मिटणे रोगाचे की आमच्या औषधाचे, हे त्या एकाच शब्दातून कळेना. आमच्या दोघांत यावर मतभेद झाले, ते अजून मिटलेले नाहीत. एकाचे म्हणणे, अंडी उरली असली तर सगळेच जाईल, म्हणून चौथे स्नान हवे. दुसऱ्याचे म्हणणे, टीकाकाराने हात आवरावा.

एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन घोषित केले. लक्षद्वीपने १९९८ पासून अशी विरंजने पुन्हा पुन्हा सोसली आहेत. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपासही प्रवाळे आहेत, आणि समुद्र तापणे त्यांना चुकलेले नाही. तिथे दातब्रश चालत नाही. चाळीस पॉलिपांसाठी रात्री जागवणाऱ्यांना हे कुणी ऐकवले तर आमच्याजवळ त्यावर उत्तर नाही. फक्त इतके की, हे चाळीस आमच्या हातात होते.

चौथे स्नान आम्ही सबंध दगडाला दिले नाही. काठावरचे चार पॉलिप कपचीसकट कापून, तेवढ्यांनाच स्नान घालून, स्वयंपाकघरात दहा लिटरांच्या वेगळ्या भांड्यात ठेवले : दुसरी प्रत. मोठी वसाहत तशीच राहू दिली. भांड्यातले चारही अकराव्या दिवशी उमलले. मोठ्या दगडावर आज एकोणतीस उघडे आहेत, सहा मिटलेले. उरलेल्या तिघांच्या जागी नुसता पायथा आहे. विजेरी अजून टँकशेजारच्या शेल्फवर, पुस्तकांना टेकून ठेवलेली असते.