खेळातला पक्षी आणि तळ्यावरचा पक्षी

सुट्टीत नातवंडे घरी आली की आपणा आजी-आजोबांच्या वाट्याला हल्ली एक नवे काम येते : मुलांच्या हातातला मोबाईल काढून घेणे. हे काम अप्रिय असते आणि बहुधा निष्फळही ठरते. पडद्यासमोरच्या वेळेला मर्यादा हवीच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु माझा सहा वर्षांचा नातू गेल्या उन्हाळ्यात महिनाभर सोलापूरला होता, तेव्हा त्याच्या शेजारी बसून त्याचे खेळ पाहण्याचा योग आला. त्यातून जे उमगले, ते आपणांस सांगावेसे वाटते.

निसर्गावर बेतलेले व्हिडिओ गेम आता लहान मुलांसाठी निघू लागले आहेत. नातवाच्या आवडत्या खेळाचे नाव ‘अल्बा’. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भूमध्य समुद्रातील एका बेटावर आजी-आजोबांकडे राहायला आलेली अल्बा फोनच्या कॅमेऱ्याने पशुपक्षी टिपते, त्यांची नावे नोंदवते, कचरा उचलते आणि तेथील अभयारण्याच्या जागी हॉटेल उभे राहू नये म्हणून गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. खेळात मारामारी नाही की घाई नाही.

घराघरांत ठाऊक असलेल्या ‘पोकेमॉन’चे मूळही निसर्गाच्या ओढीतच आहे. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. तोकियोजवळच्या त्यांच्या गावातील तळी आणि झाडी वस्तीखाली गेली. किडे हुडकण्याचा तो आनंद शहरातील मुलांनाही मिळावा, या इच्छेतून १९९६ मध्ये हा खेळ जपानमध्ये अवतरला. पुढे २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनमधील शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. चित्रे दाखवली असता आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनमधील सुमारे ७८ टक्के जीव ओळखले. आपल्या देशातले खरेखुरे जीव मात्र सुमारे ५३ टक्केच. नावे लक्षात ठेवण्याची मुलांची शक्ती केवढी मोठी असते, हे या आकड्यांवरून दिसते. प्रश्न एवढाच, की भोवतालची नावे त्यांना सांगणार कोण?

ते काम आपले आहे, असे मला वाटते. नातवाला बेटावरचे पक्षी ठाऊक झाले होते. टिटवी, भारद्वाज, वेडा राघू, सातभाई ही नावे त्याने ऐकलीच नव्हती. म्हणून आम्ही एक नेम केला. खेळ संपला, की दुसऱ्या दिवशी पहाटे संभाजी तलावावर फिरायला जायचे आणि अल्बासारखी वही ठेवायची. पहिले दोन दिवस तो कंटाळला. खेळातला पक्षी कॅमेऱ्यासमोर थांबतो. तळ्यावरचा बगळा आपण जवळ जाताच उडून जातो. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून बाकावर गप्प बसला आणि बगळा पुन्हा काठावर उतरेपर्यंत हलला नाही.

त्याच बाकावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नातू म्हणाला, “आजी, कुणीतरी बारीक शीळ घालतंय.” मला काहीच ऐकू आले नाही. वयोमानाप्रमाणे कान उतरू लागतात, तेव्हा प्रथम उंच पट्टीचे स्वर हरपतात. हे मला कानांच्या तपासणीत सांगितले होते. त्याने बोट दाखवले, पाण्यावरून निळी रेघ सरकली आणि मी म्हटले, “छोटा खंड्या!” ऐकले त्याने, नाव सांगितले मी. त्यानंतर रोज तो माझे कान झाला आणि मी त्याचा कोश झाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, आपल्याजवळचे काहीतरी अजून कुणाला तरी हवे आहे, ही जाणीव किती उभारी देते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसून घालवू नये आणि किमान तीन तास हालचालीत घालवावेत. खेळ निसर्गाचा असला, तरी या मर्यादेत सूट नाही. चीनमधील ग्वांगझू येथे सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक मोकळ्यावर नेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे धूसर दिसण्याचा, म्हणजे लघुदृष्टीचा दोष जडला, इतर मुलांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. आपल्या सोलापूरचे ऊन लक्षात घेता मे महिन्यात सूर्य वर येण्याआधीच घरी परतावे. पाणी, टोपी आणि आपली काठी विसरू नये. काठावरच्या ओल्या जागी उतरू नये. ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या मंडळींना विनंती, की त्यांना एकटे न पाठवता सोबत कुणी मोठे माणूस द्यावे. पाखरांचे आवाज ऐकू येईनासे झाले असतील, तर कानांची तपासणीही करून घ्यावी.

जाण्याच्या आदल्या दिवशी नातवाने विचारले, “माळढोक कुठे दिसेल?” सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले, हे मी त्याला सांगितले. हा पक्षी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि आता त्या माळावरही तो क्वचितच दृष्टीस पडतो, हेही सांगितले. खेळात सह्या पुऱ्या झाल्या की अभयारण्य वाचते. येथे तशी खात्री देता येत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीत माळढोकचे नाव लिहिले आणि पुढची जागा मोकळी ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नान्नजला जाणार आहोत. माळढोक दिसला नाही, तरी काळवीट दिसण्याची आशा आहे.