घरचे नाव, दारचे नाव

आकड्यांशी माझे कधीच जमले नाही. शाळेत सतराच्या पाढ्याशी मी अडखळत असे, आणि आता सत्तरी उलटल्यावरही बँकेच्या खात्याचा नंबर मला पासबुकात पाहूनच सांगावा लागतो. अशा माणसाच्या आयुष्यात एक नंबर फार जिव्हाळ्याचा व्हावा, ही गंमतच म्हणायची. तो नंबर होता १९२.१६८.१.७. हा आमच्या माईचा पत्ता.

माई म्हणजे माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सूनबाईने तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि त्या ध्वनिमुद्रित केल्या. माजघरातल्या फडताळात एक काळा डबा आहे, त्यात त्या असतात. डबा कसला, फायली साठवायचे यंत्रच ते. पण आकार लाडवांच्या डब्याएवढा. सकाळचा चहा झाला, की ओटीवर बसून लॅपटॉपवर तो नंबर टाकायचा आणि माईचा आवाज ऐकायचा, हा माझा परिपाठ. नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असे. दर पाडव्याला नव्हे, पण दर जानेवारीला तो मी नव्या कॅलेंडरवर उतरवून घेई.

गेल्या आषाढात रत्नागिरीला पावसाने झोडपले आणि आमच्या वाडीतली वीज दोन दिवस गेली. ती आल्यावर मी नेहमीचा नंबर टाकला, तो समोर प्रिंटर हजर! शाई संपत आली, कागद अडकला, अशी त्याची रडगाणी सुरू. पुन्हा नंबर टाकला, पुन्हा प्रिंटरच. माझ्या पोटात गोळा आला. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"सगळे पुसले गेले असणार," मी सौ.ला म्हणालो. ती काही बोलली नाही. भर सकाळी देवापाशी पुन्हा दिवा लावायला उठली, एवढेच.

मी पुण्याला सूनबाईला फोन केला.

"बाबा, डब्यावरचा दिवा लागलाय का?" तिने विचारले.

"लागलाय. हिरवा."

"मग घाबरू नका. आजी घरातच आहेत. त्यांनी फक्त खोली बदलली आहे."

मग तिने मला समजावून सांगितले. घरातल्या यंत्रांना नंबर वाटतो तो राऊटर, धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा. हे नंबर कायमचे नसतात. वीज गेली, की पुष्कळदा त्याची वही कोरी होते. आणि वीज आल्यावर जो आधी दारात येईल त्याला तो मोकळी खोली देऊन टाकतो. आमचा प्रिंटर आधी जागा झाला आणि त्याने सात नंबर पटकावला.

"मग माणसाने ओळखायचे कसे?" मी वैतागून म्हणालो.

"नावाने, बाबा. नंबर यंत्रांसाठी, नावे माणसांसाठी."

हे मात्र मला लगेच पटले. आमच्या वाडीत एकाच आडनावाची घरे ओळीने आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. तो ज्यांनी योजला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. तेव्हापासून ४१५६१२ हा आकडा टाकला, की पत्र बिनचूक रत्नागिरीला येते. पण पुढे वरच्या घरातले आप्पा कोण आणि खालच्या घरातले कोण, हे पोस्टमनलाच ठाऊक!

इंटरनेटवर हे पोस्टमनचे काम करतात ते डीएनएस सर्व्हर. आरंभी जगातले संगणक इतके थोडे होते, की त्यांची नावे आणि नंबर यांची एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवीत आणि बाकीचे ती उतरवून घेत, माझ्या कॅलेंडरासारखेच. पुढे यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी हे काम वाटून देण्याची युक्ती काढली. आता आपण एखादे नाव टाकले, की राऊटर ते बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. त्यालाही ठाऊक नसले, तर तो मुळाशी जातो. तिथे सांगतात, "शेवटी 'इन' आहे ना? मग इनवाल्यांकडे जा." ते पुढचे घर दाखवतात. पाकिटावरचा पत्ता शेवटच्या ओळीकडून वर वाचीत जावे, तसेच हे.

पण हे झाले दारचे नाव. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर लाखो घरांत तेच ते असतात. बाहेरच्या सर्व्हरला त्यांचे काय होय? घरातल्या यंत्राला घरचेच नाव हवे. बंडू म्हटले की घरातले पोर ओ देते; शाळेच्या हजेरीपटात मात्र त्याला कोणी ओळखत नाही.

तासभर फोन चालला. राऊटरच्या यादीत आमचा डबा सापडला, बारा नंबरवर. कारखान्याने त्याला अक्षरे आणि आकडे यांची भेळ करून नाव ठेवले होते. सूनबाईने त्याची जागा एस.टी.च्या आरक्षणासारखी राखून ठेवायला लावली, आणि मग म्हणाली, "आता नाव बदलू या. काय ठेवू या?"

हे काय विचारणे झाले? रोमन अक्षरांतच लिहावे लागले, पण नाव ठेवले 'माई'.

"एक लक्षात ठेवा बाबा," ती म्हणाली, "नाव पत्ता सांगते, राखण करीत नाही. गणपतीला आले, की दुसरी प्रत करून पुण्याला नेते." तशी तिने ती नेलीही.

फोन ठेवण्यापूर्वी तिने सांगितले, की यापुढे नुसते 'माई डॉट लोकल' टाकायचे. लॅपटॉप घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून हाक मारतो, "माई कोण?" आणि जिचे नाव असेल ती आपला नंबर सांगते.

मी नाव टाकले. सौ. दारात येऊन उभी राहिली होती. नऊ वर्षांनी आमच्या घरात 'माई' अशी हाक गेली आणि फडताळातून ओ आली.